मागच्या अंगणातलं वर्गमूळ

"हिनं सुनंदाची कॉपी मारली," सर म्हणाले आणि माझ्या पेपरावर लाल शाईनं भोपळा काढला. सगळ्या आठवीसमोर. वर म्हणाले, "इतकी अक्कल हिच्याजवळ येईन कुठून?" पोरं हसली. सुनंदा, सरांची पुतणी, मान खाली घालून पट्टीशी खेळत राहिली.

१४४चं वर्गमूळ काढायचं होतं. आम्ही दोघींनीच ते पुस्तकाबाहेरच्या रीतीनं काढलं होतं. आधी १ वजा करायचा, मग ३, मग ५, अशा विषम संख्या वजा करत शून्यावर यायचं. किती वेळा वजा केलं ते मोजायचं. बारा वेळा. झालं वर्गमूळ.

ही रीत माझी होती. बाप पुलगावच्या कापडगिरणीत, आई मजुरीला. घरी धाकट्याला सांभाळत मी चिंचोके मांडत बसायचे. पाच-पाचच्या पाच ओळी. चौकोन सहाचा करायचा तर एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच, कोपऱ्यात एक. अकरा लागले. दर वेळी विषमच. त्या दुपारी मला जेवायची शुद्ध नव्हती.

सुनंदाला मीच शिकवलं. ती आणि सर एकाच घरात राहायचे, त्यांच्या मागच्या अंगणात. आम्ही बौद्ध. धर्म बदलून वीस वर्षं झाली होती, पण त्यांच्या घरच्या तांब्याला ते माहीत नव्हतं. तिची आई वरूनच ओंजळीत पाणी ओतायची. तेही मी गिळलं. कारण एकदा सर मागच्या दारात उभे राहिले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "डोकं चालते वं तुह्यं." त्या एका वाक्यावर मी महिनाभर हवेत होते. त्याच माणसानं केसानं गळा कापला.

चार दिवसांनी शाळेच्या तपासणीला साहेब आले. सरांनी कौतुकानं सुनंदाला फळ्यापाशी उभं केलं. तिनं वजाबाक्या धडाधड केल्या. साहेबांनी विचारलं, विषमच संख्या का? तिचा खडू थांबला. मी ते सांगायला घेतलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, उत्तर येते ना, मग बस. आता ती वळून माझ्याकडे बघत होती. सरही.

"तू सांग वं तिले," सर गोड आवाजात म्हणाले.

मी उठले.

"सर, कॉपी करणाऱ्याले कसं येईन?"

साहेबांनी सरांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि पुढच्या वर्गात गेले. माझा भोपळा तसाच राहिला.

संध्याकाळी सुनंदा आमच्या दारात आली. पहिल्यांदाच. आईनं पेल्यात पाणी दिलं. तिनं ते ओठाला लावलं नाही, ओट्यावर ठेवून दिलं.

"सांग ना वं, विषमच काऊन? काका उद्या विचारतीन."

"नाई सांगत."

ती गेल्यावर ते पाणी मी प्यायले. आणि ठरवलं. शिकवीन, पण फळ्यापुढं उभी राहून, माझ्या नावानं. कोणाच्या मागच्या अंगणात बसून नाही.