मी कुणाची रजा कधीच नाकारली नाही

"हृदयाला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. मला हायसं वाटलं, पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "हा बर्नआउट आहे. म्हणजे माणूस कामाने इतका झिजतो, की झोपूनही थकवा जात नाही. सोबत डिप्रेशनही आहे. यांनी शेवटची रजा कधी घेतली होती?"

प्रश्न निलेशच्या बायकोला, प्रणालीला होता. उत्तर मी दिलं. आमच्याकडे रजेला आडकाठी नाही, मी आजवर कुणाची रजा नाकारलेली नाही, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तेही त्याच्या खाटेशेजारी उभं राहून.

प्रणाली मान खाली घालून म्हणाली, "तीनदा मागितली त्यांनी. मॅडम 'बघू' बोलल्या."

जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रांचा विभाग माझ्याकडे आहे. उरणचा निलेश सात वर्षं माझ्या हाताखाली होता. त्याच्या दोन दिवस आधी ऑफिसात टेबलावरच त्याची छाती आवळून आली, हातापायांना घाम फुटला. आम्ही त्याला वाशीला आणलं. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, नीट आला. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही नीट. रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत मी आणि प्रणाली बाकावर बसून होतो. अ‍ॅटॅक नसू दे, एवढंच मी मनात म्हणत होते. अ‍ॅटॅक असता तर निदान दोष कोलेस्टेरॉलवर ढकलता आला असता.

त्या तीन रजा मला नंतर एकेक करून आठवल्या. पहिली बहिणीच्या हळदीची. दुसरी मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची. तिसरी वडिलांच्या शेवटच्या आजारपणातली. वडील गेले तेव्हा निलेश यार्डातच होता. मी लगेच ऑफिसची गाडी काढून दिली आणि स्वतःला फार चांगली साहेबीण समजले.

माझ्या लेखी 'बघू' म्हणजे थोडं थांब, पुन्हा आठवण कर. तो ते 'नाही' समजून गप्प बसायचा. बरोबरच समजायचा. लहानपणी माझी आई 'बघू' म्हणाली की सहल गेली, हे मलासुद्धा कळायचं.

लक्षणं दिसत नव्हती असंही नाही. कंटेनरचे नंबर तोंडपाठ असलेला माणूस आकडे चुकवायला लागला होता. डबा न उघडताच घरी न्यायचा. हसणं तर कधीच बंद झालं होतं. मी म्हणायचे, "निलेश, तू आहेस म्हणून मला टेन्शन नाही." मला ते कौतुक वाटायचं. खरं तर माझं सगळं टेन्शन मी त्याच्या टेबलावर सरकवत होते.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळ्या मी देतो. पण तुमच्या ऑफिसला गोळी नाही माझ्याकडे."

तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी आता रजेच्या अर्जावर त्याच दिवशी हो किंवा नाही लिहिते. नाही असेल तर कुठली तारीख चालेल तेही लिहिते. प्रत्येक काम किमान दोन जणांना येतं. रजेवरच्या माणसाला कुणी फोन करत नाही, मीसुद्धा नाही. यात काही अवघड नव्हतं. सात वर्षं मी ते केलं नाही, एवढंच.

तीन महिन्यांनी मी त्याच्या घरी गेले. तो परत यावा म्हणूनच गेले होते, खोटं कशाला बोलू? तब्येत जरा भरली होती. मी माफी मागितली. म्हटलं, हवा तेवढा वेळ घे, जागा तुझीच आहे.

तो म्हणाला, "मॅडम, माझा तुमच्यावर राग नाय. पन मी परत येनार नाय. फोनवर तुमचं नाव दिसलं तरी छातीत धडधडतं. फोन नका करू."

सात वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच 'नाही' म्हटलं होतं. तिथेच मला रडू आलं. प्रणालीने पाणी आणून दिलं. निलेशने तोंडावर स्पष्ट सांगितलं म्हणून मी त्याची आजही ऋणी आहे.

तो आता कसा आहे, मला माहीत नाही. मी फोन केलेला नाही.