गिरणीच्या आवाजात सांगितलेलं

हल्ली तालुक्याच्या गावी मोफत समुपदेशनाच्या पाट्या दिसतात. आत एक बाई बसलेली असते, समोर खुर्ची, पंखा चालू. मार खाल्लेल्या बायकांनी तिथं जाऊन मन मोकळं करायचं. चांगलंच आहे, मी नावं ठेवत नाही. आमच्या वेळी दौंडात अशी सोय नव्हती. आमच्या वस्तीत होती ती पिठाची गिरणी, आणि तिथं खुर्ची नव्हती.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं केंदूर. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा माझं लग्न दौंडला करून दिलं. नवरा रेल्वेच्या लोकोशेडमध्ये कामाला. रेल्वेची नोकरी म्हटल्यावर माझ्या बापानं पुढचं काही विचारलं नाही. आज मी त्याला बेधडक 'तो' म्हणते. तेव्हा मार खातानासुद्धा 'अहो' म्हणायची.

तो का मारायचा, याची कारणं मी पहिल्या वर्षी शोधली. भाकरी करपली, पाणी गार होतं, मी दारात उभी राहिले. दुसऱ्या वर्षी शोधायचं सोडून दिलं. कारण नसलं तरी त्याचं काही अडायचं नाही.

सासू मला नळावरसुद्धा एकटी जाऊ द्यायची नाही. पण गिरणीत जाऊ द्यावंच लागे. आमच्या घरात बाजरी चालायची, आणि बाजरीचं पीठ चार-पाच दिवसांत कडू होतं. तिचे गुडघे दुखायचे, लेकाला तर ताजं पीठ हवं. त्यामुळं डबा डोक्यावर घेऊन मी आठवड्यातून एक-दोनदा बाहेर पडायची. त्या बाजरीचे उपकार मी अजून मानते.

गिरणी एका विधवा बाईची होती. नवरा गेल्यावर तिनं ती स्वतः चालवायला घेतली. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. अंगानं आडवी, भुवयांवर कायम पीठ, आणि बोलणं असं फटकळ की माणसानं दळण टाकून पळावं. वर्षानुवर्षं चक्कीशेजारी उभं राहून तिचे कान गेले होते. किती गेले होते, ते मात्र कुणालाच नक्की सांगता यायचं नाही. सुट्ट्या पैशांवरून कुणी कोपऱ्यात पुटपुटलं तर तिला बरोब्बर ऐकू यायचं.

एकदा डबा पुढं करताना माझा पदर सरकला आणि दंडावरचा डाग तिला दिसला. भाजलेलं ताजं होतं. तिनं माझा डबा उचलला आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला.

"मावशी, माझा नंबर होता," मी म्हटलं.

"गव्हाचं चाललंय. बाजरी मागनं."

बाजरी दळल्यावर लगेच गहू टाकला तर पीठ काळपट येतं, बायका भांडायला उठतात. त्यामुळं आधी गहू, मग ज्वारी, शेवटी बाजरी, हा गिरणीचा कायदाच होता. सासूलाही तो ठाऊक होता. मला घरी जायला उशीर झाला आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

गर्दी कमी झाल्यावर मावशीनं मला पट्ट्याजवळच्या कोपऱ्यात बोलावलं. तिथं आवाज एवढा की स्वतःचं बोलणंसुद्धा स्वतःला ऐकू येऊ नये. ती माझ्या कानाला तोंड लावून ओरडली, "दंडाला काय झालं?"

"भाजलं," मी म्हटलं.

"काय?"

"भाजलं!"

"मला ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोल."

मी ओरडून सांगितलं, "चुलीपाशी भाजलं!"

"काय?"

असं ती 'काय, काय' करत राहिली. मला तिचा राग आला. एक तर दंड ठणकत होता, त्यात ही बहिरी. शेवटी मी चिडून बेंबीच्या देठापासून ओरडले, "त्यानं उलथनं तापवून लावलं! उलथनं!"

"आत्ता आलं ऐकायला," ती म्हणाली आणि धान्य ओतायला गेली.

मी तिथंच उभी राहिले. ते वाक्य मी आईलासुद्धा पुरतं सांगितलं नव्हतं. मला रडू फुटलं, तसं ती तिकडून ओरडली, "हिकडं तोंड करून रडू नको, पीठ भिजंल!" मी रडता रडता हसले.

पुढं हे नेहमीचं झालं. बाजरी मागे ठेवायची, कोपऱ्यात जायचं, ओरडून सांगायचं. तिनं मला एकदाही सल्ला दिला नाही. बाकी सगळं जग माझी समजूत घालत होतं. जाऊबाई समजूत घालायची, शेजारीण घालायची, माहेरचं माणूस आलं की तेही घालायचं. मावशी फक्त 'काय?' म्हणायची. मग मला आणखी एक गोष्ट आठवायची. कडाक्याच्या थंडीत त्यानं मला घराबाहेर काढून कडी लावली ती. भिंतीवर डोकं आपटलं ती. आणि माझ्या ध्यानात आलं की त्या कोपऱ्यात माझ्याआधी दुसरी कुणी तरी उभी असायची, तिचंही तोंड असंच जोरजोरात हलत असायचं. मला आधी वाटायचं, त्या दळणाचा भाव करतात.

दिवाळीनंतर प्रकरण वाढलं आणि तिसरी बैठक ठरली. आमच्याकडं असलं काही झालं की वस्तीतली मोठी माणसं बुद्धविहारात बसायची, दोन्हीकडचे लोक बोलवायची. पहिल्या दोन बैठकांत मला विचारलं होतं, "सांग पोरी, काय त्रास हाय?" आणि मी मान खाली घालून म्हटलं होतं, "काही नाही." मोठ्या माणसांपुढं माझा घसाच बंद व्हायचा. मग ते म्हणायचे, बघा, पोरगीच न्हाई म्हनती. या वेळी सासरच्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे शेवटचं, यापुढं तक्रार ऐकणार नाही. म्हणजे या खेपेला बोलले नाही तर जन्मभर तिथंच.

मी मावशीला हे सांगत होते, तेवढ्यात लाइट गेली. पट्टा फडफडत थांबला. गिरणीत एकदम शांतता. रांगेतल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या आणि माझा आवाज तोंडातच राहिला.

"बोल की," मावशी म्हणाली.

मला कळून चुकलं की माझं सगळं शौर्य त्या मोटारीवर चालत होतं. मी तिच्या जवळ जाऊन कुजबुजले, "मावशी, विहारात गिरणी नसंल."

"मग मी काय करू? लाइट माझ्या हातात हाय व्हय?"

एवढाच धीर तिनं मला दिला. त्या रात्री मी तिला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या.

बैठक रविवारी दुपारी झाली. विहारात सतरंजीवर पुरुष, दाराशी आम्ही बायका. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, केंदूरहून एस.टी.नं आले होते आणि भिंतीला टेकून खाली बघत बसले होते. रेल्वेतून रिटायर झालेले एक आप्पा सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "सांग पोरी, काय त्रास हाय?"

विहारात ना मोटार होती, ना पट्टा. मी तोंड उघडलं, आणि आतून जे निघालं ते गिरणीतल्या आवाजात निघालं.

"त्यानं उलथनं तापवून माझ्या दंडाला लावलं!"

आप्पा दचकून मागे सरले. बाहेर खेळणारी पोरं गप्प झाली. मी थांबले नाही. कडी लावल्याचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, सगळं तसंच, घसा ताणून. मला ते हळू सांगताच येत नव्हतं. मी तसं शिकलेच नव्हते. शेजारच्या घरांतून माणसं विहाराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आगं हळू," आप्पा म्हणाले, "आमी काय बहिरे न्हाई."

आणि नवरा म्हणाला, "हळू बोल. लोकं ऐकत्यात."

त्याचा चेहरा पडला होता. दोन वर्षांत मी त्याला पहिल्यांदा घाबरलेला बघत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मी पदर मागे टाकून सगळ्यांना दंड दाखवला.

त्यापुढं फारसं बोलणं झालंच नाही. आप्पांनी आबांकडं बघितलं. आबा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "पोरगी न्हेतो." कपड्यांचं बोचकं बांधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

एस.टी. सुटली. आबा समोरच्या बाकाच्या दांडीकडं बघत म्हणाले, "येवढं सोसलंस, आन् आमाला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं होतं, आबा. दिवाळीला."

"कवा?"

"तुम्ही शेळ्यांना पाला टाकत होता. म्हणालात, सोसावं लागतं."

आबांना तो पाला आठवला असावा. मग म्हणाले, "तवा तू लई हळू बोललीस."

"हळू बोलले होते," मी म्हटलं, "पण तुम्ही ऐकलं होतंत."