पद्मिनीबाई गोळी समजावतात

पद्मिनी राजवाडे मूळच्या साताऱ्याच्या. नवऱ्याच्या हवाई दलातल्या नोकरीमुळे चंडीगडला आल्या आणि श्यामकांत निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिल्या. एका मोठ्या रुग्णालयात, रक्ताच्या कर्करोगाच्या ओपीडीत त्या समुपदेशक होत्या. कामाला चोख, पण पंजाबी बोलू लागल्या की पेशंट मदतीसाठी नर्सकडे बघायचा.

२००३ साली एक नवी गोळी आली होती. ती सरसकट सगळ्यांना लागू पडत नसे. आधी रक्त तपासायचं, जनुकात एक ठरावीक बिघाड सापडला तरच गोळी. किंमत आवाक्याबाहेरची, पण फॉर्म भरला की गरजूंना मोफत मिळे. हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना ते पद्मिनीबाईंनी समजावलेलं होतं.

"आपके जीन में खराबी है," त्या म्हणायच्या. खेड्यातल्या माणसांना वाटे, बाई अंगात शिरलेल्या जिनाबद्दल बोलतायत. एका आजीनं तर विचारलं, मग गोळी कशाला, बाबाजींकडेच नेऊ का?

झिरकपूरच्या गुरमेल सिंगांनाही त्यांनी असंच समजावलं. गुरमेल ट्रॅक्टर मेकॅनिक. तपासणीत नेमका तोच बिघाड निघाला, फॉर्म बाईंनीच भरला, गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत रक्ताचे आकडे सुधारले आणि गुरमेल यायचे बंद झाले.

बाईंनी स्कूटर काढली. "अगं, फोन कर की," श्यामकांत म्हणाले.

"फोनवर तो हो म्हणेल आणि ठेवून देईल."

गुरमेल वर्कशॉपमध्येच होते. "मॅडमजी, मी ठणठणीत आहे. सलाईन नाही, इंजेक्शन नाही, नुसत्या गोळीनं बरा होतो तो कसला कॅन्सर?"

बाईंनी जीनपासून सुरुवात केली. गुरमेलांचा चेहरा कोरा. मग बाईंची नजर समोरच्या उघड्या इंजिनावर गेली. "भाईसाहब, ॲक्सिलरेटर दाबलेलाच अडकला तर?"

"इंजिन कामातून जाईल."

"तुमच्या रक्तात तेच झालंय. गोळी तो वर ओढून धरते. गोळी सोडली की पुन्हा अडकणार."

"सगळ्यांचा ॲक्सिलरेटरच अडकतो?"

"नाही. म्हणून तर आधी तपासणी."

गुरमेलांनी हात पुसले. "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं."

"तुम्ही भुताचं सांगितलं होतं."

सोमवारी ते आले. आकडे थोडे चढले होते, गोळीनं पुन्हा उतरले. पुढं दर खेपेला ते बाकावर बसून नव्या पेशंटांना इंजिन समजावू लागले. फॉर्म मागणारे वाढले. बाई दारातून ऐकत आणि बारीकसारीक चुका सोडून देत. एकदाच त्या बाहेर आल्या. गुरमेल एकाला सांगत होते, "तू आपल्याच गावचा, बिघाडही तोच असणार. तपासणी कशाला?"

"गुरमेलजी, गाव एक म्हणून रक्त एक नसतं," बाई शांतपणे म्हणाल्या.

तो माणूस तपासणीला गेला. त्याचा बिघाड वेगळाच निघाला, औषधही वेगळं. गुरमेल त्याला चहा पाजायला घेऊन गेले.