टोरोंटो ते दिल्ली चौदा तास, पुढचा वरोरा रस्ता

टोरोंटो ते दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर. चौदा तासांचा प्रवास विमानानं दहा मिनिटं आधीच उरकला. पुढचं नागपूरचं विमानही वेळेत. घात केला तो वरोरा-वणी या वीस किलोमीटरच्या तुकड्यानं, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरं नाही.

वणीत थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. सख्खा मामा मी एकटाच. भाचीला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, एवढं एकच काम माझ्याकडे. मुहूर्त अकरा चाळीसचा. माझं विमान नागपूरला उतरणार दहाला, म्हणजे वणी गाठेपर्यंत एक. आदल्या दिवशीचं तिकीट मिळत होतं, पण त्यात एक रजा जास्त जात होती. म्हटलं, आमच्याकडचा मुहूर्त पत्रिकेत छापण्यापुरता असतो. वरात बँडपुढे नाचत दोन तास खाते. दोनच्या आत अक्षता पडलेल्या मी उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. बहिणीला एवढंच म्हणालो, "वेळेवर पोचतो." ती निर्धास्त झाली.

साडेअकराला तिचा फोन आला. नागपूरहून केलेली टॅक्सी हिंगणघाटच्याही अलीकडे होती.

"कुठसा आहेस? वरात दारात आली!"

"एवढ्या लवकर? थांबव ना थोडं!"

फोन बंद झाला.

वरोऱ्यापुढे कोळशाच्या ट्रकांची रांग लागली. मी हॉर्नवर हात ठेवायला सांगितला, दार आपटून खाली उतरलो, परत बसलो. ड्रायव्हर शांत. "कायले चिडून राह्यले साहेब? हे रोजचंच हाये." त्याच्यावरही ओरडलो. चूक माझी आणि बोलणी त्या बिचाऱ्याला.

दीडला पोचलो तेव्हा पंगत बसली होती. माझ्या जागी बहिणीचे शेजारी मामा म्हणून उभे राहिले होते. भाचीनं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "मामा, जेवले का तुम्ही?" मला तिच्याकडे बघवेना. राग मात्र बहिणीवर काढला. "माझ्यासाठी दोन तास थांबवता आलं नाही तुला?"

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"कोन्या तोंडानं थांबवू? दर खेपेला येतोस अन् नावं ठेवतोस, इथं कोनाले टायमाची कदर नाही म्हनून. यावेळी मी व्याह्यांच्या पाया पडली. म्हटलं, माह्या भावाले उशीर चालत नाही, तो इतक्या दुरून येऊन राह्यला, वरात टायमावर आना. त्याइनं नाचनंबी बंद ठेवलं. तुह्यासाठी."

अक्षता बरोबर अकरा चाळीसला पडल्या होत्या. त्या लग्नाला उशिरा आलेला माणूस मी एकटाच होतो.