बाहेरून आणलेला गोलकीपर

कारगिलची लढाई संपून दोन वर्षं झाली होती. आमची बटालियन जम्मूकडच्या डोंगरात तैनात होती. मी धानपट्ट्यातल्या गोरेगाव तालुक्यातला. गावी कबड्डीशिवाय काही खेळलो नव्हतो, फुटबॉल मला फौजेनं शिकवला. टीमचे कोच सुभेदार साहेब दोन वर्षं रोज पीटीनंतर माझ्यावर चेंडू मारत आणि चुकलं की शिव्या हासडत. त्यातून मी ब्रिगेडचा गोलकीपर झालो.

तिसऱ्या वर्षी डिव्हिजनच्या स्पर्धेआधी साहेबांनी शेजारच्या गोरखा पलटणीतून टेकबहादूर नावाचा रायफलमन आणला. मला म्हणाले, "रहांगडाले, तू एक्स्ट्रा में."

"जी साब," म्हणून मी ग्लव्हज काढून ठेवले. अंगाचा तिळपापड झाला होता.

बराकीत आमच्याकडच्याच सालेकशाचा लान्सनायक मेश्राम माझ्या शेजारच्या खाटेवर असे. म्हणाला, "काऊन रे, तोंड पाडून कायले बसला?"

"घरच्या पोट्ट्याले बसवून बाहेरचा आणून राहिले. तो नेपाळचा होय."

"अन् तू कोण मोठा लागून गेला? त्याचा खेळ त पाह्य पयले."

पाहिला. उंचीनं बुटका, पण चेंडू त्याच्या हातातून सुटायचा नाही. त्यात माणूस भलता सरळ. सराव संपला की मलाच गोलमध्ये उभं करायचा. चेंडू मारणाऱ्याच्या पायाकडे बघू नको, कमरेकडे बघ, हे त्यानं शिकवलं. अशा माणसावर किती दिवस रागावणार?

एकदा मी म्हटलं, "तू तो इंडिया के लिए खेल सकता है."

तो हसला. "पासपोर्ट नेपाल का है, भाई. और नेपाल वाले मुझे जानते नहीं, मैं तो यहाँ हूँ." आमच्या फौजेत भरती होताना मात्र त्याचं नेपाळी असणं कुठंच आड आलं नव्हतं.

फायनलच्या सकाळी आम्ही गाडीत बसत होतो. तेवढ्यात त्याच्या कंपनीचा निरोप आला. अतिरेकी लपलेल्या एका गावाला घेराव घालायचा होता. सुभेदार साहेब वायरलेस सेटवर बोलले, "लड़के का मैच है. ओवर."

"सेक्शन में आदमी कम हैं. भेज दो. ओवर."

टेकबहादूर उतरला. ग्लव्हज माझ्या मांडीवर टाकले. "कमर देखना," एवढंच म्हणाला.

आम्ही एका गोलनं जिंकलो. शेवटी शेवटी मी एक पेनल्टी अडवली. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, पण सुभेदार साहेब हसत नव्हते. त्यांना हाफटाइमलाच सेटवर कळलं होतं. त्यांनी आम्हाला रांगेत फॉलइन केलं आणि टोपी काढली. "टेकबहादूर नहीं रहा."

मी तिथंच मैदानात बसकण मारली. मेश्रामनं मला उठवलं. तोही रडत होता.

निवृत्तीनंतर मी गावी पोरापोरींना फुटबॉल शिकवतो. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आमचं मैदान. परदेशात वाढलेले भारतीय वंशाचे खेळाडू देशाकडून खेळवायच्या बातम्या मुलं मोबाइलवर वाचतात आणि भांडतात.

"काका, देशाच्या टीममध्ये बाहेरचे खेळाडू घ्या न. आपण जिंकूनच नाही राहिलो."

"मंग आमी कायले पळून राहिलो?" आमची गोलकीपर पोरगी विचारते.

मला तिचंच जास्त पटतं. घरचं पोर घडवायचं तर त्याच्यामागे कुणालातरी वर्षानुवर्षं घसा कोरडा करावा लागतो. माझ्यामागे कुणीतरी केला म्हणून मी उभा राहिलो. पण 'बाहेरचा' म्हणताना कुणी तोंड वाकडं केलं की मी सराव थांबवतो आणि त्यांना टेकबहादूरचं सांगतो.

त्याचं गाव मी पाहिलेलं नाही. गाडीरस्ता संपला की पुढं डोंगर पायीच चढायचा, असं तो सांगे. त्याच्या पलटणीचे जवान त्याला खांद्यावरून तिथवर घेऊन गेले. आई दारात उभी होती म्हणे. तिच्या पोराला भारताची जर्सी कधी घालता आली नाही. जवानांनी शवपेटीवरचा तिरंगा काढला, घडी केली आणि तिच्या हातात दिला.