पाटाच्या जागी विटा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपूरच्या स्टँडवर उभा होतो. सकाळी चहा पिता पिता खुर्चीतच मान टाकली, असं आक्का म्हणाली. आक्का माझी थोरली बहीण, दाजी तिचे मालक. मी कळंब्याला त्यांच्या घरी पोचेपर्यंत दारात माणसं जमली होती. त्यातल्या एका पावण्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "इंजिन अंगावर पडलं म्हणं?" माझं डोकंच फिरलं. मयताच्या दारात मी त्याला नको ते बोललो. पोर्चमध्ये दाजींची जुनी गाडी काम अर्धवट राहिलेल्या अवस्थेत उभी होती हे खरं, पण इंजिन जागच्या जागी होतं... तीन महिने झाले, त्या प्रश्नानं मला एका जागी बसू दिलेलं नाही.

दाजी वर्कशॉपात पोरांना फिटरकाम शिकवून रिटायर झालेले. स्वतःची गाडी त्यांनी कधी गॅरेजला दाखवली नाही. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं त्यांना आपल्याकडं फाउंडेशन म्हणतात. ते बदलायचं तर इंजिनाला दुसरा आधार द्यावा लागतो. दाजींचं म्हणजे गाडी दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिकाटण्यांवर चढवलेली, चाकांमागं दगड, तेलाच्या चेंबरखाली फळी आणि फळीखाली जॅक. एवढ्यानं भागायचं नाही. वरून आडवा पाइप टाकून इंजिन साखळीनं बांधायचं, मग गाडी दोन्ही हातांनी हलवून बघायची, आणि मगच आत शिरायचं. "जॅक उचलायला असतोय, धरायला न्हाय," असं ते म्हणायचे. इंजिनाला पाळण्यात घालताय काय, म्हणून मी चेष्टा करायचो. ते हसायचे, पण साखळी सोडायचे नाहीत.

पहिल्यापासून ते असे नव्हते. बारा वर्षांपूर्वी अंगणात फरशी नव्हती, जॅक मातीत रुतत होता. दाजींनी घरातून एक शिसवी पाट आणून माझ्या हातात दिला, हा जॅकखाली घाल म्हणाले आणि पाना आणायला गेले. तो गणपतीचा पाट होता! दरवर्षी देव ज्यावर बसतो त्यावर तेलकट जॅक ठेवायचा? माझं काही मन होईना. पाट पुसून भिंतीला लावला आणि कुंपणाशी पडलेल्या दोन विटा जॅकखाली सारल्या. दाजींना सांगितलं नाही. माझ्यावर विसंबून ते न बघता आत शिरले. फाउंडेशनचा शेवटचा बोल्ट सुटला, वीट फुटली, आणि इंजिन वीतभर खाली आलं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात आक्कानं विचारलं, विटा कुणी घातल्या? मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "मीच. घाई केली." नंतर मला एकट्याला गाठून म्हणाले, "ती फटकळ हाय. बोटं गेली ती गेली, बहीणभावात वाकडं कशाला?" आणि मी ते मुकाट्यानं मान्य केलं. सोयीचं होतं की ते. आक्कानं मात्र बारा वर्षं त्यांना सोडलं नाही. सदऱ्याचं बटण लागेना, की झाली सुरू... जगाला शिकवतोय आणि स्वतः विटा घालतोय. दाजी खाली मान घालून ऐकायचे. मी शेजारी बसून चहा प्यायचो. आज लिहितानाही लाज वाटते.

महिना उलटल्यावर आक्का म्हणाली, गाडीचं काम कुणाकडून तरी पुरं करून घे. मीच करतो म्हटलं. वाकून बघितलं तर जॅक महिन्याभरात खाली बसला होता, पण साखळीनं इंजिन तसूभरही सोडलेलं नव्हतं. दाजींच्या त्या आधाराखाली मी निर्धास्त शिरलो. दोन बोल्ट आवळले आणि पुढं हातच चालेना. बाहेर येऊन आक्काला सगळं सांगून टाकलं. पाट, विटा, दवाखाना, सगळं.

मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. ती पायरीवर बसली.

"तो पाट मीच काढून दिलता त्यास्नी," ती म्हणाली. "माणूस वाचतोय तर देव काय रागावणार हाय, म्हटलं... आणि मी दिलेला पाट टाकून विटा घातल्या, म्हणून बोलून बोलून जीव खाल्ला त्यांचा. आता माझं बोलणं कुणापुढं माघारी घेऊ?"

मी परत गाडीखाली शिरलो आणि उरलेले बोल्ट आवळले.

गाडी आता चालते. ती सुरू करायच्या निमित्तानं मी दर रविवारी कळंब्याला जातो. आक्का चहा देते, पोराबाळांची चौकशी करते. पण त्या दिवसापासून तिनं मला, सुनेला, दूधवाल्याला, कुणालाच वाकडा शब्द बोललेला नाही. परवा माझ्या हातून कप निसटून फुटला. पूर्वी गल्ली ऐकेल असा तोंडाचा पट्टा सुटला असता. मी वाट बघत उभा राहिलो. बोल की गं आक्का, घाल की शिव्या, असं अगदी ओठावर आलं होतं... ती नुसती वाकली आणि तुकडे वेचत राहिली.