उपाशी न ठेवलेली गांडुळं

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही – आणि त्याला माझ्या केसांचा खरा रंग ठाऊक आहे, म्हणजे बघा. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नाही. राहत असाल तर कृपया इथेच थांबा.

मी कर्वेनगरला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गांडुळांच्या शरीरात धातू कसे साठतात, हा माझा विषय. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारते, काय करता आपण? मी सांगते, आणि ती खुर्ची जराशी सरकवते. पण विषय सोपा आहे हो. गांडूळ माती खातं, हवं ते घेतं, बाकीचं मागून टाकतं. काही धातू मात्र टाकत नाही – आत कुठेतरी साठवत राहतं, माझ्या सासूबाई श्रीखंडाचे रिकामे डबे साठवतात तसं. ते किती साठलेत हे मोजलं की त्या मातीची तब्येत कळते. झालं, एवढंच.

आता वानखडेकाका. यवतमाळचे. मुलगा खराडीला नोकरीला, म्हणून काका-काकू निवृत्तीनंतर इथे राहायला आले. पहिलं वर्षभर काका लिफ्टमध्ये सगळ्यांना नमस्कार करायचे आणि सगळे मोबाईल बघायचे. पुण्यात शेजाऱ्याशी बोलायला कारण लागतं, आणि काकांकडे ते नव्हतं. मग त्यांनी पार्किंगमागच्या कोपऱ्यात गांडूळखताचा खड्डा केला. पालापाचोळा, भाज्यांची देठं, थोडी काळी माती. खत इतकं छान व्हायचं की ज्या बायका त्यांना ओळखही देत नव्हत्या, त्या "काका, माझ्या कढीपत्त्याला मूठभर ठेवा हं" म्हणू लागल्या. काका संध्याकाळी खुर्ची टाकून खड्ड्याशी बसायचे, आणि भोवती माणसं असायची.

एकदा त्यांनीच मला अडवलं. "पोरी, तू एवढी गांडुळाची मोठी मास्तरीण, माह्या गांडुळाईले एक डाव तपासून दे नं. सर्टिफिकेट दे म्हंतो मी." मी म्हटलं, देते की, वार्षिक सभेत सगळ्यांसमोरच वाचून दाखवते. कोणी सांगितलं होतं? पण मला सभेत बोलायला आवडतं. तेही कबूल.

त्यांनी दिलेली गांडुळं खड्ड्यातल्या मातीसकट डब्यात घालून मी कॉलेजच्या कपाटात ठेवली आणि विसरले. आठवलं ते सभेच्या आदल्या दिवशी. धावतपळत धुतली, वाळवली, आम्लात विरघळवली, यंत्रात घातली. आकडे आले ते बघून मी हादरलेच. तांबं भरमसाट. क्रोमियम त्याहून वाईट.

आणि मी ते वाचून दाखवलं. सगळ्यांसमोर, माईकवर, अगदी खालच्या पट्टीत – तसं बोललं की जास्त परिणाम होतो. कुणीतरी म्हणालं, तांबं तर चांगलं ना, आम्ही रोज तांब्यातलं पाणी पितो. मी म्हटलं, "मग उद्यापासून गांडुळं उकळून प्या." लोक हसले. काका हसले नाहीत. खड्डा बंद करायचा ठराव तिथेच झाला, आणि हात वर करणाऱ्यांत काकाही होते.

आता खरं काय ते. सांगते – थांबा, सांगते.

गांडूळ म्हणजे मातीने भरलेली नळी. धातू मोजण्याआधी त्याला ओल्या कागदावर उपाशी ठेवावं लागतं, पोटातली सगळी माती पडून जाईपर्यंत. नाहीतर तुम्ही गांडूळ मोजत नाही, त्याचं जेवण मोजता. आणि आपली काळी माती काळ्या दगडाची – तांबं, क्रोमियम तिच्यात जन्मापासूनच असतं, कुणाचं काही वाकडं न करता. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. जो विसरतो त्याला सगळ्यांदेखत विचारते, "काय रे, गांडुळाचा रिपोर्ट आणलास की त्याच्या डब्याचा?" आणि मार्क कापते.

त्याच आठवड्यात तोंडी परीक्षा होती. एका मुलीला विचारलं, पहिली पायरी कोणती? ती म्हणाली, मॅडम, उपाशी ठेवणं. मी "शाब्बास" म्हटलं आणि तेव्हा आठवलं – काकांची गांडुळं मी उपाशी ठेवलीच नव्हती.

मी पुन्हा तपासली. डब्यात काही उरली होती. ती नीट उपाशी ठेवून, दार लावून, एकटीने. सगळं ठाकठीक. काकांची गांडुळं माझ्याहून निरोगी निघाली.

तेव्हाच का नाही सांगितलं? सांगणार होते. जिना उतरत होते, तर काकाच वर येत होते. खड्डा त्यांनी आपल्या हातांनी बुजवला होता आणि दारोदार जाऊन दिलेलं खत परत मागत होते. माझे हात धरून म्हणाले, "पोरी, तू नसती तं म्या साऱ्या बिल्डिंगीले इख चारलं असतं." डोळ्यांत पाणी. ते बघून मला रडूच आलं. त्यांना वाटलं, पोर किती हळवी.

तिथे बोलायचं होतं. एक वाक्य होतं – काका, चूक माझी आहे. पण आमचे सेक्रेटरी मागेच उभे होते. या गृहस्थांनी लिफ्ट बंद पडली तेव्हा मेकॅनिकला विचारलं होतं, "आपण शिकलात, की नुसतेच आलात?" तेच वाक्य माझ्याकडे येताना मला दिसलं. आणि मी म्हणाले, "जाऊ दे हो काका, आपल्याला काय माहीत होतं."

आपल्याला. काकांना सामील करून घेतलं, बघा.

त्यानंतर काका संध्याकाळी खाली येत नाहीत. लिफ्टमध्ये नमस्कार करतात. लोक पुन्हा मोबाईल बघतात. काकू म्हणाल्या, हे टीव्हीसमोर बसतात, पण बघत नाहीत. विकतची मेथीसुद्धा भीत भीत खातात.

यंदा सव्वीस जानेवारीला सोसायटीने माझा सत्कार केला. सूचना काकांची होती. झेंडावंदनानंतर त्यांनी स्वतःच्या हातांनी मला शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. मी चार शब्दही बोलले – जागरूक नागरिक वगैरे.

सत्काराचे नारळ हमखास खराब निघतात. हा गोड निघाला. संध्याकाळी नारळीभात केला, आणि मी तो दोनदा वाढून घेतला.